लेकरांच्या प्रिंटेड पँट घरच्या घरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात पायमशीन आहे, कात्री-टेप आहे आणि बाजारातून हत्ती, ट्रॅक्टर किंवा आंब्यांचं सुती प्रिंट आणलं आहे, अशांसाठी ही माहिती आहे. पँट साधीच धरली आहे: कमरेला इलास्टिक, चेन नाही, काज-बटण नाही. वय साधारण दीड ते दहा वर्षं. मापं इंचात आणि कापड मीटरमध्ये दिलं आहे, कारण शिंपी आणि दुकानदार तसंच बोलतात.

कोणतं कापड घ्यावं?

पहिल्या पँटसाठी मध्यम जाडीचं सुती पॉपलीन किंवा कॅम्ब्रिक घ्या. ते कात्रीखाली सरकत नाही, इस्त्रीची घडी धरून ठेवतं आणि घाम शोषतं. मे महिन्यात आपल्याकडे विदर्भात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा टेरीकॉट किंवा पॉलिस्टरच्या पँटमध्ये लेकराच्या जांघेत आणि कमरेला घामोळ्या उठतात. प्रिंट कितीही गोड असलं तरी उन्हाळ्यासाठी ते कापड नको.

जाडी पाहायला कापडाचा एक पदर उजेडासमोर धरा आणि मागे हात न्या. बोटं एकेक मोजता आली तर कापड पँटला पातळ आहे, झबल्याला चालेल. रेयॉन अंगाला छान लागतं, पण कापताना घसरतं, ओलं झालं की लोंबतं आणि धुतल्यावर बरंच आटतं. दोन-तीन पँट हातून झाल्यावर त्याकडे वळा. होजिअरीचं ताणलं जाणारं कापड साध्या सरळ टाक्याच्या मशीनवर शिवलं तर पँट ओढताना दोरा तुटतो, शिवाय शेतातली कुसळं आणि गोखरू त्यात जास्त अडकतात. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीसाठी सुती फ्लॅनेल चांगलं, फक्त पायाचा घेर कमी ठेवा. सकाळी लेकरं शेकोटीजवळ बसतात आणि मऊ लव असलेलं कापड पटकन पेट घेतं.

दुकानदार "प्युअर कॉटन" म्हणतो पण खात्री वाटत नाही, तर कडेचे चार धागे काढून जाळून पाहा. सुताला कागद जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटात चुरगळते. पॉलिस्टर वितळून काळी, कडक गुठळी होते.

दुकानात प्रिंट पाहताना काय तपासायचं?

थानाच्या (कापडाच्या ताग्याच्या) वरच्या घडीवर भाळू नका. "भाऊ, मीटरभर उलगडून दाखवा" असं म्हणा आणि तीन गोष्टी बघा.

पहिली, प्रिंटची दिशा. सगळी चित्रं एकाच बाजूला डोकं करून उभी आहेत, की काही उलटी, काही आडवी विखुरलेली आहेत? विखुरलेलं प्रिंट शिकणाऱ्याला सोपं जातं, तुकडा कसाही ठेवला तरी चालतो. एकाच दिशेच्या प्रिंटला कापड थोडं जास्त लागतं आणि लक्षही जास्त द्यावं लागतं.

दुसरी, प्रिंट कापडावर सरळ बसलंय का. किनार सरळ धरून चित्रांची एक आडवी ओळ एका किनारीपासून दुसऱ्या किनारीपर्यंत नजरेने तपासा. ओळ मध्येच अर्धा इंच चढली-उतरली तर निभावतं. इंचाहून जास्त तिरकी गेली असेल तर ते कापड सोडून द्या. धाग्याप्रमाणे कापलं तर पँटवरचे बैल चढावर चालल्यासारखे दिसतात. प्रिंटप्रमाणे कापलं तर दिसायला सरळ, पण दोन धुण्यांत पाय पिळून शिवण पुढे येते. दोन्हीकडून नुकसानच.

तिसरी, चित्राचा आकार. तीन वर्षांच्या लेकराच्या पँटच्या एका पायाचा पुढचा भाग जेमतेम सहा-सात इंच रुंद असतो. आठ इंचांचा वाघ त्यावर पूर्ण मावणारच नाही, कुठे शेपूट तर कुठे अर्धं तोंड येईल. दीड ते अडीच इंचांची चित्रं लहान पँटवर सर्वांत खुलून दिसतात.

निवडायला भरपूर थानं हवी असतील तर नागपूरला गांधीबाग-इतवारीत फेरी मारता येते. पण आठवडी बाजारातला कटपीसवालाही वाईट नाही. एका पँटला लागणारं कापड तुकड्यात निघतं. तुकडा घेताना पन्हा (कापडाची रुंदी) आणि लांबी तिथेच टेपने मोजून घ्या.

रंग जाईल की राहील, हे कसं ओळखायचं?

पांढरा रुमाल ओला करून लाल, काळ्या किंवा गडद निळ्या भागावर दहा-बारा वेळा जोर देऊन घासा. हलकी छटा उतरली तर ते कापड वेगळं धुवावं लागेल. रुमाल ठळक रंगला तर घेऊ नका. हात फिरवल्यावर रंगाचा थर कापडावर चढवल्यासारखा कडक लागत असेल, तर घडीच्या जागी तो आधी फुटतो. सोनेरी खडीचं किंवा चमकीचं काम लहान लेकराला टोचतं, शिवाय चमकी गळून तोंडात जाते.

मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भिजवल्याने आजचे छापील रंग पक्के होत नाहीत. त्या खटाटोपात पडू नका.

कापड आधी भिजवलंच पाहिजे का?

हो. सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा ३ ते ५ आटतं, हलक्या प्रतीचं त्याहून जास्त. २४ इंचांची पँट इंचभर आखूड झाली की घोट्याच्या वर जाते, आणि आसन (कमरेपासून जांघेपर्यंतचा भाग) आटलं की लेकरू ती घालायलाच तयार होत नाही. रात्रभर साध्या पाण्यात ठेवा, न पिळता सावलीत वाळवा, किंचित ओलं असताना उलट बाजूने इस्त्री करा. इस्त्री उभ्या धाग्याच्या, म्हणजे किनारीला समांतर, दिशेने फिरवा. तिरकी ओढली तर कापड तिथेच वाकडं होतं. इलास्टिकही सोबत भिजवून घ्या, काही इलास्टिक आटतात.

मापं कोणती आणि कशी घ्यायची?

वयावर जाऊ नका. एकाच वर्गातल्या दोन पोट्ट्यांच्या सीटमध्ये सहज तीन इंचांचा फरक निघतो. चार मापं घ्या:

कंबर: बेंबीच्या किंचित खाली, टेप न आवळता.
सीट: पार्श्वभागाच्या सर्वांत भरलेल्या जागी, टेपखाली दोन बोटं ठेवून. लंगोट किंवा डायपर वापरात असेल तर तो घालूनच.
उंची: कमरेपासून घोट्यापर्यंत, बाजूने.
आसन: लेकराला सपाट पाटावर बसवून, कमरेपासून पाटापर्यंत बाजूने. त्यात एक इंच मिळवा.

आसनाचं माप बहुतेक जण गाळतात आणि नंतर पँट ओढते म्हणून तक्रार करतात. लेकरं उकिडवी बसतात, झाडावर चढतात, सायकलच्या नळीवर टांग टाकतात. या सगळ्यांत ताण येतो तो आसनावर.

कागदाचा नमुना कसा काढायचा?

उदाहरण म्हणून पाच वर्षांचं लेकरू धरू: कंबर २१, सीट २४, उंची २४, आसन (इंच मिळवून) ८. ब्राउन पेपर किंवा जुनी वर्तमानपत्रं चिकटवून चालतील.

पुढचा तुकडा: सीटचा चौथा भाग अधिक पाऊण इंच, म्हणजे पावणेसात इंच रुंद आणि २४ इंच उंच असा आयत काढा. डावी रेघ बाजूची, उजवी मधली. वरून ८ इंच खाली आडवी रेघ मारा, ही आसनाची रेघ. ही रेघ मधल्या बाजूने दीड इंच बाहेर वाढवा (सीटचा सोळावा भाग). मधल्या रेघेवर आसनापासून अडीच इंच वर खूण करा आणि तिथून वाढवलेल्या टोकापर्यंत गोलाई द्या. तळाला रुंदी सव्वासहा ठेवा. त्यासाठी बाजूच्या रेघेतून अर्धा इंच आत या आणि उरलेलं आतल्या शिवणीकडून घ्या.

मागचा तुकडा: रुंदी सीटचा चौथा भाग अधिक एक, म्हणजे ७ इंच. आसनाची रेघ मधल्या बाजूने ३ इंच बाहेर (सीटचा आठवा भाग). वरच्या टोकाला मधली रेघ अर्धा इंच आत घ्या आणि एक इंच उंच करा. तिथून बाजूच्या रेघेपर्यंत तिरकी रेघ उतरवा. हा एक इंच फार मोलाचा. तो नसेल तर लेकरू वाकलं की मागून पँट खाली घसरते. तळाला रुंदी सव्वासात.

आता दोन्ही तुकड्यांच्या आतल्या शिवणी टेपने मोजा. मागची लांब भरली तर मागच्या तुकड्याचं आसनाचं टोक पाव इंच खाली घ्या.

शेवटी माया (शिवणीसाठी जास्तीचं कापड) सोडा: बाजूला, आतल्या शिवणीला आणि आसनाला अर्धा इंच, वर नेफ्यासाठी दीड इंच, खाली दुमडीसाठी दीड इंच. पाय खाली निमुळता असल्याने तळाचा कागद आधी वर दुमडा आणि मग बाजू कापा. तसं केलं नाही तर दुमड पायापेक्षा अरुंद होते आणि शिवताना ओढते.

मग कापड किती लागेल?

वरच्या मापाला मायेसकट पुढचा तुकडा सव्वानऊ आणि मागचा अकरा इंच रुंद होतो. ४४ इंच पन्ह्याचं कापड उभं दुमडलं की २२ इंच मिळतात, म्हणजे दोन्ही तुकडे शेजारी शेजारी बसतात. लांबी २८ इंच, आटण्याचा हिशेब धरून ८० सेंमी. वाढीसाठी जास्तीची दुमड ठेवायची असेल तर ९० सेंमी. ३६ इंच पन्ह्यात तुकडे शेजारी मावत नाहीत, एकाखाली एक ठेवावे लागतात. तिथे दीड मीटर धरा. चित्रांच्या ओळी शिवणीवर जुळवायच्या असतील तर त्याच प्रिंटची एक फेरी, म्हणजे एक चित्र परत येईपर्यंतचं अंतर, जास्त घ्या.

एक पाय सरळ आणि एक उलटा आला. असं का होतं?

कापड आडवं दुमडल्यामुळे. थान उघडून वरचं टोक खालच्या टोकावर आणलं की खालच्या पदरातली चित्रं डोक्यावर उभी राहतात. एका पायावर मोर चालतो आणि दुसऱ्यावर लटकतो. कापड नेहमी किनारीला किनार लावून उभं दुमडा, सुलट बाजू आत. मग दोन्ही पदरांत चित्रांची डोकी एकाच दिशेला राहतात आणि डावा-उजवा पाय आपोआप जोडीचा निघतो. दोन्ही कागदी तुकड्यांवर कमरेकडे बाण काढा. बाण आणि चित्रांची डोकी एकाच बाजूला असली की कात्री चालवा.

मोठी चित्रं असतील तर दुमडू नका. कापड एकेरी पसरा, सुलट बाजू वर, आणि पुढच्या व मागच्या दोन्ही तुकड्यांचा कागद एकदा सुलटा व एकदा पालथा ठेवून कापा. पालथा ठेवायला विसरलात तर दोन्ही पाय डावेच निघतील. असं कापताना चित्र मांडीच्या मध्यावर किंवा गुडघ्याच्या वर येऊ द्या. आसनाच्या गोलाईत प्राण्याचं तोंड येऊ देऊ नका, ते अर्धं कापलं जातं आणि शिवल्यावर विद्रूप दिसतं.

तान्ह्या पोळ्यासाठी (लेकरांच्या लाकडी बैलांचा सण) बैलांचं प्रिंट घेतलं तर बैल बहुधा एकाच दिशेला तोंड करून असतात, त्यामुळे एका पायावर ते पुढे आणि दुसऱ्यावर मागे चालतील. हे असंच असतं, कापण्यात चूक नाही. दोन्ही पायांवर बैल पुढेच जायला हवे असतील तर डावी-उजवी दोन्ही तोंडं असलेलं प्रिंट शोधावं लागेल.

शिवण्याचा क्रम काय?

खिसा किंवा गुडघ्याचं ठिगळ हवं असेल तर ते सर्वांत आधी, तुकडे सपाट असतानाच. एकदा पायाची नळी झाली की मशीनखाली ते नीट बसत नाही.

मग प्रत्येक पायाची बाजूची शिवण. मग आतली शिवण. आता दोन नळ्या तयार झाल्या. एक नळी सुलट करा आणि दुसऱ्या उलट्या नळीत घाला, म्हणजे सुलट बाजू एकमेकींना लागतील. आतल्या शिवणी एकमेकींवर बरोबर टेकवून टाचणी लावा आणि आसनाची गोलाई पुढच्या कमरेपासून मागच्या कमरेपर्यंत एकाच दमात शिवा. त्याच टिपेवर दुसरी टीप मारा. पहिलीपासून एक सूत (इंचाचा आठवा भाग) आत मायेकडे मारली तरी चालेल.

त्यानंतर नेफा: पाव इंच आत दुमडून इस्त्री, मग सव्वा इंच दुमडून खालच्या कडेला टीप. मागे मध्यावर दीड इंच जागा उघडी ठेवा. वरच्या कडेलाही काठालगत एक टीप मारली तर इलास्टिक पिळत नाही. शेवटी पायांची दुमड.

एका इंचात १० ते १२ टाके पुरतात. कॅम्ब्रिक-पॉपलीनला १४ नंबरची सुई, पातळ कापडाला ११.

इलास्टिक किती कापायचं?

कमरेतून दोन इंच वजा करा आणि जोडासाठी एक इंच मिळवा. कंबर २१ तर २० इंच कापा. जोडल्यावर १९ राहील. रुंदी एक इंच घ्या. अर्ध्या इंचाचं बारीक इलास्टिक पोटावर वळ उमटवतं. सेफ्टी पिनने ओवताना दुसरं टोक नेफ्याला टाचून ठेवा, नाहीतर तेही आत निघून जातं. टोकं एकावर एक ठेवून चौकोनी टीप मारा. लगेच नेफा बंद करू नका, लेकराला घालून पाहा. बसवा, उठवा, मग बंद करा. शेवटी दोन्ही बाजूंच्या शिवणींवर इलास्टिकसकट उभी टीप मारली की ते आत फिरत नाही.

आसन पुन्हा पुन्हा उसवतं. काय करावं?

टीप उसवली आहे की कापड फाटलं आहे, हे आधी पाहा. टीप उसवली असेल तर बहुधा एकेरी शिवण, मोठे टाके किंवा कच्चा दोरा हे कारण असतं. टाके लहान करा, पॉलिस्टर दोरा वापरा आणि डबल टीप मारा. कापडच शिवणीलगत फाटलं असेल तर आसन उथळ आहे किंवा मागचं टोक आखूड आहे. तिथे कितीही टिपा मारल्या तरी उपयोग नाही, टिपेच्या शेजारी फाटेल. त्या पँटला आसनात चार इंचांची चौकोनी कळी (जोडतुकडा) बसवा आणि पुढच्या वेळी नमुना सुधारा.

गोलाईच्या मायेला कात्रीने खोल चिरा देण्याची सवय काहींना असते. ब्लाउजला ते ठीक. लेकराच्या पँटच्या आसनाला नको, तिथूनच फाटायला सुरुवात होते.

इंटरलॉक मशीन नाही. कडा कशा बंद करायच्या?

बाजूच्या आणि आतल्या शिवणीला फ्रेंच शिवण करा. आधी उलट बाजू आत ठेवून पाव इंचावर टीप, माया अर्धी कापून टाका, मग कापड पालटून पुन्हा पाव इंचावर टीप. कडा आत बंद होते आणि मांडीला घासत नाही. अर्धा इंच माया त्यासाठी पुरते. आसनाच्या गोलाईला मात्र ती जाड होते. तिथे डबल टीप मारून कड हाताने काजटाक्याने गुंतवा, किंवा गावातल्या पिको-फॉलवाल्याकडून तेवढीच कड इंटरलॉक करून आणा.

पाय पिळल्यासारखा का दिसतो?

तुकडा उभ्या धाग्यावर कापलेला नसतो, किंवा शिवताना वरचा पदर ओढला गेलेला असतो. मशीनचे दात खालचा पदर पुढे ढकलतात, वरचा मागे राहतो आणि शेवटी अर्धा इंच उरतो. तो उरलेला भाग कापून टाकणं हा उपाय नाही. वर, आसनाशी, गुडघ्याशी आणि तळाशी टाचण्या लावा. दोन्ही पदर हाताने सोबत धरा.

खाली दोऱ्याचा गुंता होतो.

दहापैकी नऊ वेळा दोष वरच्या दोऱ्याचा असतो. दाबाचा पाय वर उचलून दोरा नव्याने ओवा, म्हणजे तो ताणाच्या चकत्यांमध्ये नीट बसेल. तरीही गुंता झाला तर बॉबिन केसमधला कचरा काढा. टाके सुटत असतील तर सुई वाकलेली किंवा उलटी बसलेली आहे.

लेकरू लवकर वाढतं. पँट दोन वर्षं चालेल अशी करता येते का?

उंचीला येते, आसनाला नाही. तळाच्या दुमडीच्या वर, आतल्या बाजूने दीड इंचाची घडी घालून मोठ्या टाक्यांनी टीप मारा. पुढच्या वर्षी ती उसवायची. जुन्या घडीची रेघ दिसली तर त्यावर उरलेल्या कापडाची किंवा साध्या रंगाची पट्टी लावा. आसन मात्र दोन वर्षांचं धरून मोठं केलं तर आज ते गुडघ्यात लोंबतं आणि लेकरू पळताना अडखळतं.

जुन्या साडीची किंवा चादरीची पँट होते का?

सुती चादरीची उत्तम होते. ती पुष्कळदा धुतलेली असल्याने आटत नाही आणि रंगही सोडत नाही. साडीचा मधला, बसण्याच्या जागेचा भाग विरलेला असतो, पदर आणि मिऱ्यांकडचा भाग घ्या. दोन्ही हातांनी आडवं ताणून पाहा. चर्र आवाज आला तर ते कापड अस्तरालाच. काठ पायाच्या तळाला आणला तर दुमडीचं काम वाचतं आणि पँट देखणी दिसते.

धुताना काय सांभाळायचं?

उलटी करून धुवा, उलटीच सावलीत वाळवा. कडक उन्हात प्रिंट महिन्याभरात विटतं. काळ्या मातीचा डाग ओला असताना चोळू नका. वाळू द्या, झटका, मग साबण लावा. खारपाणपट्ट्यात, पूर्णेच्या खोऱ्यातल्या जड पाण्यात साबण नीट फेसाळत नाही आणि त्याचा चोथा कापडात बसून ते कडक होतं. तिथे साबण कमी वापरा आणि एक पाणी जास्त काढा. जमेल तेव्हा पावसाचं साठवलेलं पाणी वापरा.